जामीन मंजूर, माणूस आतच

न्यायालयाने जामीन दिला म्हणजे माणूस सुटला, अशी वयाची पन्नाशी उलटेपर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात एका दिवाळीच्या तोंडावर विहिरींवरच्या मोटारपंपांची केबल चोरीला गेली आणि पोलिसांनी संशयावरून तिघांना उचलले. त्यांत पूर्वी दोन साल आमच्याकडे राहिलेला एक सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारा शेतमजूरही होता. त्याने केबल चोरली की नाही हे मला आजही ठाऊक नाही, आणि जे सांगायचे आहे त्यासाठी ते ठाऊक असण्याची गरजही नाही. नवव्या दिवशी त्याला जामीन मंजूर झाला: पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःच्या हमीचे बंधपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार. गावात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापसाची पहिली वेचणी लागली, दुसरी आटोपली, लोक फरदड ठेवायची, म्हणजे तेच पीक पुढे राखायचे, की वखर घालायचा याचा विचार करू लागले, तरी तो जिल्हा कारागृहातच होता.

त्याची म्हातारी आई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन घरोघर फिरत होती, तेव्हा गावातल्या जमिनीची खरी स्थिती मला नव्याने कळली. तिच्या भावाकडे तीन एकर वावर आहे, पण सातबारा अजून मेलेल्या बापाच्या नावाने, फेरफार झालेलाच नाही. एका नातलगाच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आणि वर दोन बहिणींची नावे. तिसऱ्याची जमीन भोगवटादार वर्ग दोनची, जी परवानगीशिवाय विकताच येत नाही, म्हणून ती जामिनाच्याही कामाची नाही. पलीकडच्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, एका कोलाम शेतकऱ्याने आपला वनहक्काचा पट्टा पुढे केला, पण तो कायद्यानेच वारसांखेरीज कोणाकडे जात नाही, त्यामुळे वकिलाने तो हाती घेण्याआधीच मान हलवली. शेवटी मी माझा सातबारा आणि आठ-अ घेऊन गेलो, तर त्यावर सोसायटीचा बोजा निघाला आणि तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणायला सांगण्यात आले. त्या दाखल्यासाठी पटवाऱ्याचा अहवाल हवा, आणि पटवारी निवडणुकीच्या कामात अडकलेला. मी चार चकरा मारल्या. माझ्याकडे मोटारसायकल होती, चार दिवस मोकळे होते आणि कार्यालयात ‘बसा’ म्हणण्याइतकी ओळख होती. यांपैकी एकही गोष्ट त्या म्हातारीकडे नव्हती. साडेतीन महिन्यांनी तो बाहेर आला.

तेव्हापासून तुरुंग-सुधारणेवरची चर्चा वाचताना माझे लक्ष भिंतीच्या आतल्या गोष्टींपेक्षा त्या भिंतीपर्यंत माणूस कसा पोहोचतो आणि तिथेच का अडकून राहतो, याकडे जाते. बराकीतली गर्दी, आजारी कैद्याला वेळेवर न मिळणारा डॉक्टर, मुलाखतीच्या खिडकीपुढची रांग, हे सगळे खरे आहे आणि सुधारले पाहिजेच. पण आपल्याकडच्या तुरुंगाची कडी जेलच्या दरवाजाइतकीच तहसील कचेरीतही लागलेली असते. ती काढल्याशिवाय केलेली बाकीची सुधारणा ही गळक्या माठाला रंग देण्यासारखी आहे, असे माझे मत बनले आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६. या माणसांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी होते, म्हणजे ज्यांना आपल्याकडे कच्चे कैदी म्हणतात ते. दर चारांत तीन. यातले दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. शिक्षा झालेला एकही कैदी आत नसता, तरी केवळ निकालाची वाट पाहणाऱ्या माणसांनीच देशातले तुरुंग जवळजवळ काठोकाठ भरले असते. नवे तुरुंग बांधा, या मागणीचे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

अर्थात या सव्वाचार लाखांवर माणसांत सर्व प्रकारचे लोक आहेत. खून-बलात्काराचे आरोपी आहेत, ज्यांना न्यायालयाने विचार करूनच जामीन नाकारला आहे असेही आहेत. ज्यांना जामीन मिळूनही बाहेर येता आले नाही, अशांची मोजणी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने केली तेव्हा आकडा सुमारे पाच हजार निघाला, आणि त्यांतल्या १,४१७ जणांची सुटका झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाला कळवण्यात आले. पाच हजार म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण ही मोजणी एका घडीची आहे. आमच्या गावच्या माणसासारखे तीन-चार महिने अडकून मग कसेबसे सुटणारे लोक त्या घडीला आत असतील तरच मोजले जातात, आणि जामीनदार मिळणारच नाही हे ओळखून ज्यांनी अर्जच केला नाही, ते तर या मोजणीत कधीच येत नाहीत.

हा प्रश्न कायद्याच्या लक्षात आला नाही असे मुळीच नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला जामीन दिलेला असताना खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहायला तयार झाला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडले आणि आपल्याच देशात माणसाला परजिल्ह्यातला ठरवण्याच्या या वृत्तीचा खरपूस समाचार घेतला. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतल्या हुसैनारा खातून आणि इतरांच्या प्रकरणात तर असे दिसले की, आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ काही माणसे खटल्याविना आत होती. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात सांगितले की आरोपी हजर राहील की नाही हे त्याच्या खिशावरून ठरवू नये. तो किती वर्षे एका ठिकाणी राहतो, काम काय करतो, घरी कोण आहे, यांवरून ठरवावे. न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या मॅनहॅटन जामीन प्रकल्पाने हेच करून दाखवले होते आणि भगवतींच्या निकालात त्याचा उल्लेखही आहे. योगायोग असा की त्याच १९७९ साली भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. खटल्याची वाट पाहणाऱ्यांना कोठडीत ठेवणे हा सर्वसाधारण नियम असू नये, असे त्याच्या नवव्या अनुच्छेदात स्पष्ट आहे.

एवढे सगळे लिहून झाल्याला पंचेचाळीसहून अधिक वर्षे लोटली आणि आमच्या तालुक्याच्या ठिकाणी आजही पहिला प्रश्न ‘सातबारा आहे का’ हाच विचारला जातो. स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे तर आमच्या भागात वेगळीच अडचण होते. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. मेळघाटातली कुटुंबे पोटासाठी सपाटीवर उतरतात आणि छत्तीसगडचे मजूर आमच्याकडे धानावर आणि वीटभट्ट्यांवर येतात. यांतला कोणी भांडणात किंवा संशयात सापडला, तर त्या परक्या मुलखात वावर असलेला जामीनदार त्याने कुठून पैदा करावा? स्वतःच्या जिल्ह्यातही सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. बाजारदिवशी मोहफुले विकून आलेल्या पैशांत एका पेशीचे, म्हणजे कोर्टातल्या एका तारखेचे, भाडे निघत नाही.

आपल्याकडे तुरुंगाचा विषय निघाला की हमखास नॉर्वेची छायाचित्रे फिरतात. २०१० मध्ये सुरू झालेल्या हाल्डेनच्या तुरुंगातल्या स्वच्छ खोल्या, स्वयंपाकघर, कैद्यांसोबत बसून जेवणारे कर्मचारी हे सारे पाहून कोणी हळहळते, तर कोणी चिडून म्हणते की इथे शेतकऱ्याला दोन वेळचे नीट मिळत नाही आणि यांना हे थाट. दोघांचाही मुद्दा चुकतो असे मला वाटते. नॉर्वेतून घ्यायचेच तर त्या खोल्यांमागचा विचार घ्यावा: स्वातंत्र्य जाणे हीच शिक्षा, तिच्यावर आणखी काही लादायचे नाही. पण हा विचार मुळात शिक्षा झालेल्यांसाठी आहे. ज्याला अजून शिक्षाच झालेली नाही, त्याला चांगल्या खोलीत ठेवले तरी अन्याय तसाच राहतो.

दुसऱ्या टोकाची छायाचित्रे एल साल्वादोरची: मुंडण केलेली, माना खाली घातलेली, एकमेकांना चिकटून बसवलेली शेकडो माणसे. मार्च २०२२ पासूनच्या आणीबाणीत तिथे टोळ्यांची दहशत कमी झाली हे खरेच आहे, आणि आमच्या चावडीवरही ‘असा पाहिजे राज्यकर्ता’ म्हणणारे भेटतात. पण त्या धरपकडीत हजारो निरपराध आत गेले होते आणि त्यांना सोडावे लागले, हे राष्ट्राध्यक्ष बुकेले यांनी स्वतःच मान्य केले आहे. चावडीवर टाळी वाजवणाऱ्याने एवढेच आठवावे की केबलच्या चोरीत पोलिसांनी तिघांना उचलले ते केवळ संशयावरून, आणि चौथा तो स्वतःही असू शकला असता.

मला आपल्या प्रश्नाशी जवळचे वाटते ते अमेरिकेचे उदाहरण. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये कॅलीफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडले. जामिनाचे तीन हजार डॉलर घरच्यांकडे नव्हते. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात तो सुमारे तीन वर्षे राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत, आणि अखेरीस खटला न चालताच आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. इकडे पिशवीच्या ठिकाणी केबल आणि डॉलरच्या ठिकाणी सातबारा, एवढाच फरक. पुढे इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामिनाची पद्धतच पूर्णपणे बंद केली. आता तिथे न्यायाधीशाने एवढेच पाहायचे असते की हा माणूस पळून जाईल काय किंवा त्याच्यापासून कोणाला धोका आहे काय. तसे असेल तर सुनावणी घेऊन त्याला आत ठेवता येते, नसेल तर सोडावे लागते. पैशाचा प्रश्न उरत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार देऊन माहेरी आलेली बाई, छेडछाडीची तक्रार करणारी शाळकरी मुलगी, शेजाऱ्याने धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात कुऱ्हाड उगारलेला शेतकरी, यांच्यासाठी ‘आरोपीला सोडा’ हे शब्द भीतीचे असतात. आरोपी त्याच रात्री गावात परततो आणि त्याच नळावर, त्याच किराणा दुकानात समोर येतो. पण हीच भीती खरी मानली तर सध्याची पद्धत आणखी निकामी ठरते, कारण ऐपत पाहणारी पद्धत धोका पाहतच नाही. पैनगंगेच्या पात्रातून रात्री रेती उपसणारा आणि अडवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घालणारा माणूस पकडला गेला, तर त्याच्यासाठी सकाळीच तीन सातबारे घेऊन माणसे हजर असतात. बाईला मारणारा दहा एकरांचा धनी संध्याकाळपर्यंत घरी येतो. आत राहतो तो भूमिहीन, मग त्याच्यापासून कोणाला धोका असो वा नसो. तक्रारदार बाईला संरक्षण हवे असेल तर न्यायालयाने तिच्याविषयी विचारावे, गावाबाहेर राहण्याची किंवा तिच्या वाटेला न जाण्याची अट घालावी, आणि गरज दिसली तर कारणे लिहून जामीन नाकारावा. पंचवीस हजारांच्या कागदाने तिची रात्र सुरक्षित होत नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यात काही सुधारणा केली आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावे, आणि त्यासाठी कारागृह अधीक्षकाने स्वतः अर्ज करावा, असे तिचे कलम ४७९ सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे एक वर्ष. चोरी सिद्ध न होता एक वर्ष, आणि याला आपण दिलासा म्हणतो, हे बाजूला ठेवू. पण त्याच कलमाच्या पोटात अशी तरतूद आहे की एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्याला हा लाभ नाही. आमच्या भागात याचा अर्थ काय होतो हे फासेपारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, विचारावे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्यावरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरून पुसला गेला. पण परिसरात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावरच जाते, आणि एकाच तरुणाचे नाव तीन ठाण्यांच्या तीन गुन्ह्यांत लागायला वेळ लागत नाही. संशयाने प्रकरणे वाढतात आणि वाढलेल्या प्रकरणांमुळे सुटका अडते. तुरुंगाच्या नियमावल्यांतही हीच दृष्टी कशी मुरलेली होती, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले. जातीवर कामे वाटणाऱ्या आणि विमुक्त जमातींना सराईत मानणाऱ्या तरतुदी न्यायालयाला त्या वर्षी, म्हणजे संविधान लागू झाल्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, रद्द कराव्या लागल्या.

आत गेलेला काळ परत देता येत नाही, हे सांगायला खरे तर उदाहरण लागू नये. तरी आमच्याच विदर्भातले एक सांगतो. गडचिरोली जिल्ह्यातला पांडू नरोटे हा आदिवासी तरुण माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्यासोबत चाललेल्या खटल्यात २०१७ साली दोषी ठरला. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरच्या तुरुंगात असताना तो स्वाइन फ्लूने दगावला आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. त्या खटल्याविषयी कोणाचे काही मत असो, निर्दोषत्वाचा निकाल ऐकायला तो माणूस नव्हता. याच विदर्भाने १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ चळवळीतले आष्टी आणि चिमूरचे उठाव पाहिले आहेत. फाशीच्या शिक्षा झालेल्या आपल्या माणसांना वाचवण्यासाठी तेव्हा लोक झटले आणि त्या शिक्षा कमी झाल्या. तेव्हा तुरुंगात असलेल्या माणसाकडे गाव ‘आपला’ म्हणून पाहत होते. आता ‘काहीतरी केले असेल म्हणूनच ना’ एवढ्यावर विषय संपतो.

एक छोटी विसंगतीही नोंदवावीशी वाटते. कच्चा कैदी तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो, पण मत देऊ शकत नाही. जामिनावर बाहेर असलेला त्याच आरोपाचा माणूस मात्र रांगेत उभा राहून मत देतो. म्हणजे मताचा हक्कही शेवटी जामीनदाराच्या सातबाऱ्याला बांधलेला.

मग करायचे काय? केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तेव्हाच्या नियमांनुसार तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. मदत मिळत असेल तर घ्यावीच, पण सरकारच्या न्यायालयाने मागितलेली रक्कम सरकारच्याच तिजोरीतून भरायची, हा एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्याचा प्रकार आहे. त्यापेक्षा ती मागूच नये. किरकोळ चोरी, भांडण, दारूबंदीच्या जिल्ह्यांतली मोहाच्या दारूची प्रकरणे यांत स्वतःचा जातमुचलका हाच नियम असावा आणि जामीनदार मागायचा असेल तर न्यायाधीशाने कारण लिहावे. जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिना उलटला तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. स्थानिक जामीनदाराचा आग्रह टाळावा, असेही त्यातच आहे. आमचा सालदार आत होता तेव्हा हे निर्देश निघून वर्ष उलटले होते, पण त्याची आई, तिचा वकील किंवा मी, कोणालाच ते माहीत नव्हते आणि कोणी सांगितलेही नाही. सातव्या दिवशीची ती सूचना खरोखर गेली की नाही, याची यादी दर महिन्याला न्यायालयाच्या फलकावर लागली, तरी मोठा फरक पडेल.

माणसाचे गावातले मूळ पडताळण्यासाठी सरपंचाचा दाखला घ्यावा, असे काही जण सुचवतात. मला ते धोक्याचे वाटते. गावात पार्ट्या असतात, आणि कोण सुटावे हे मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीतल्या मतांवर ठरू लागले तर ते सातबाऱ्याहून वाईट. हे काम विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाने करावे: घरी जावे, शाळेत मुले आहेत का पाहावे, तो कोणाकडे आणि किती वर्षे कामाला आहे हे विचारावे आणि दोन पानांत न्यायालयाला कळवावे. पटवाऱ्याच्या अहवालापेक्षा त्याला कमीच वेळ लागेल.

आमच्या सालदाराच्या खटल्यात अजून साक्षी सुरू झालेल्या नाहीत. माझ्या सातबाऱ्याची मूळ प्रत न्यायालयाच्या फाइलमध्ये आहे आणि रेशनकार्डाच्या मागे जामीन राहिल्याचा निळा शिक्का आहे, जो स्वस्त धान्य दुकानदार दर महिन्याला वाचून हसतो. तारखेच्या आदल्या दिवशी मी त्याला आठवण करून द्यायला जातो, कारण तो चुकला तर पंचवीस हजार माझे जाणार. आजवर तो एकदाही चुकलेला नाही, आणि प्रत्येक पेशीला त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. मागच्या वेळी नाल्याला पूर येऊन एसटी बंद होती. मी त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा आई म्हणाली, तो पहाटे चारलाच सायकल घेऊन निघाला.